भुताला गाणं कशाला?

'राज' (२००२) ची नदीम-श्रवणची गाणी तुफान चालली, मान्य. पण पिक्चर बघताना गाणं सुरू झालं की भीती गुल! आत्ता कुठे अंगावर काटा आला होता, तेवढ्यात हिरो-हिरॉईन गायला मोकळे.

रामूने 'भूत' (२००३) मध्ये एकही गाणं घातलं नाही. अल्बम निघाला, पण गाणी पिक्चरबाहेरच राहिली. आत फक्त सलीम-सुलेमानचं पार्श्वसंगीत, बिल्डिंगची लिफ्ट आणि उर्मिलाचा चेहरा. मुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला एवढं पुरतं!

म्हणजे भयपटात गाणं नकोच का? तसंही नाही. 'महल' (१९४९) मध्ये खेमचंद प्रकाशांच्या चालीवर लताबाईंचा आवाज लांबून जवळ येत जातो. तिथे गाणं हेच भूत आहे.

माझं म्हणणं एवढंच, गाणं काढल्यावर भीती कमी होणार असेल तरच ते ठेवा. बाकीची आम्ही गाडीत ऐकूच की!