एका छिद्राचा ताळेबंद

माझ्या थोरल्या भगिनी अक्का यांचे वय ८१. ऐकू कमी येते. म्हणून वायरचा इयरफोन कानांत घालून त्या रोज रात्री लेकीशी बोलतात. जुना मोबाइल बंद पडला, तेव्हा मी हौसेने त्यांना नवा आणून दिला. पाहतो तो इयरफोनची पिन खोचायला छिद्रच नाही! नातू सहज म्हणाला, "आजोबा, आता ते नसतं." बँकेत आयुष्यभर खतावण्या तपासलेल्या माणसाचे एवढ्या उत्तराने समाधान होत नाही. खर्च कोणाच्या खाती पडला, हे पाहावेच लागते.

हे छिद्र मोबाइलहून फार जुने. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमधील ऑपरेटर जी जाड पिन खोचून दोन ग्राहकांना जोडत, तिचेच हे लहान रूप. ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात ते ३.५ मिलिमीटरचे झाले आणि १९७९ साली आलेल्या सोनीच्या वॉकमनमुळे घरोघरी पोहोचले. कोणाचाही इयरफोन कोणाच्याही यंत्राला चालावा, ही त्यातील खरी सोय.

७ सप्टेंबर २०१६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ॲपलने आयफोन ७ सादर केला, तो या जॅकविना. कंपनीचे अधिकारी फिल शिलर यांनी या निर्णयाला 'धैर्य' म्हटले. आतली जागा वाचते, हे कारण खरे आहे. पाण्यापासून संरक्षणाचे कारण मात्र अपुरे वाटते; कारण त्याच वर्षीच्या सॅमसंग गॅलेक्सी एस ७ मध्ये जॅकही होता आणि पाण्यापासून संरक्षणही. त्याच समारंभात ॲपलने १५९ डॉलरचे बिनतारी एअरपॉड्सही जाहीर केले, हे विसरून चालणार नाही. जुना इयरफोन जोडण्याचा अडॅप्टर आरंभी फोनसोबत मिळे. २०१८ पासून तो बंद झाला. २०२० मध्ये खोक्यातील इयरफोनही गेले. ॲपलची थट्टा करणाऱ्या सॅमसंगनेही २०१९ च्या नोट १० मधून जॅक काढला.

बिनतारी साधनांची सोय मी नाकारत नाही. चालताना वायर अडकत नाही, गुंता होत नाही. परंतु त्यांचा घसारा मोठा. प्रत्येक कानात एक इवलीशी बॅटरी. वापरागणिक तिची क्षमता घटते आणि बहुतेकांत ती बदलता येत नाही. मग चांगला चालणारा स्पीकरही कचऱ्यात जातो. वायरच्या इयरफोनला चार्जिंगही लागत नाही. कंपनीच्या वहीत जी बचत जमेस दिसते, तीच ग्राहकाच्या वहीत खर्च म्हणून उतरते.

अक्कांना ती डबी चार्ज करणे, फोनशी जोडणी करणे, कानातून निसटलेला मणी शोधणे जमले नाही. चार रात्री लेकीशी बोलणे झाले नाही. शेवटी अडॅप्टर आणला. तोही पारखून घ्यावा लागतो, कारण सर्वच अडॅप्टर सर्व फोनना चालत नाहीत. आपल्याच फोनला लावून, बोलून पाहूनच पैसे द्यावेत. जॅक असलेले मोबाइल आजही मिळतात, विशेषतः कमी किमतीत.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांसाठी फोन घेताना कॅमेरा पाहण्याआधी त्याची कड पाहा. आणि त्याही आधी, तो ज्यांच्या हाती द्यायचा त्यांना विचारा. मी अक्कांना विचारले नव्हते. चूक कंपनीची होती तशी माझीही होती.