लेहचे ऊन आणि पनवेलचे ऊन

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलेल्या प्रवाशास कर्नाळ्याची झाडी सुरू होताच हवेतला फरक अंगाला जाणवतो. हा फरक कोणत्या यंत्राने घडविलेला नाही. तो सावलीने घडविलेला आहे. शासनाने १९६८ साली हे रान पक्ष्यांसाठी राखले, हे उत्तमच झाले. परंतु त्याच शासनाच्या शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या पाहिल्या, तर सावलीचा हा साधा धडा माणसांसाठी मात्र गिरवला गेला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास कारण आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या आसपास नवी वस्ती वाढणार आणि तिच्या मागोमाग सार्वजनिक इमारतीही उभ्या राहणार, हे उघड आहे. आज उभी राहणारी इमारत पुढील पन्नास वर्षांचे विजेचे बिल ठरवून टाकते. आणि या तालुक्यातील ऊन किती घातक ठरू शकते, हे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर चौदा जीव गमावून आपण पाहिले आहे.

या बाबतीत धडा घ्यावा तो थंड मुलुखाकडून. लेहजवळ फे येथे 'सेकमॉल' या संस्थेची मातीची शाळा आहे. थंडीत बाहेर पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरत असता आतील मुले शेगडीवाचून अभ्यास करू शकतात. यात जादू काही नाही. तेथे हिवाळ्यातला सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून इमारतीचे तोंड दक्षिणेस आणि काच त्याच बाजूस. काचेतून आत शिरलेले ऊन मातीच्या जाड भिंती दिवसभर शोषून घेतात व रात्री परत देतात. या शाळेस २०१६ साली फ्रान्समध्ये मातीच्या बांधकामाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मात्र लेहची ही शाळा उचलून पनवेलला आणावी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. जी काच लेहमध्ये ऊब देते, तीच पनवेलच्या कचेरीस भट्टी बनविते. येथे मे महिन्याच्या मध्यास सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा सर्वांत अधिक तापते ते छप्पर, आणि तिसऱ्या प्रहरी पश्चिमेची भिंत. म्हणून येथे हवे उतरते छप्पर, त्याखाली हवेस वाट, रुंद पडवी, समोरासमोर खिडक्या आणि पश्चिमेस झाडे. कोकणातल्या कौलारू घरांना हे ठाऊक होते. आपण मात्र सपाट स्लॅब घालतो, तो पावसाळ्यात गळू लागला की त्यावर पत्रे चढवितो, आणि काचेआड कोंडलेली उष्णता बाहेर काढण्यास वातानुकूलन यंत्रे बसवितो. एका चुकीवर दुसऱ्या चुकीचे छप्पर घालण्याचाच हा प्रकार होय!

कायदा नाही असे नाही. २००७ साली आलेल्या आणि २०१७ साली सुधारलेल्या ऊर्जासंवर्धन इमारत संहितेने देशाचे हवामानानुसार पाच विभाग केले असून लेह व पनवेल यांना वेगळे नियम लावले आहेत. पण ही संहिता लागू होते ती साधारणतः शंभर किलोवॉट वा त्याहून अधिक वीजभाराच्या इमारतींना. खेड्यातील शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, तलाठ्याची कचेरी तीत बसत नाहीत. आणि सामान्य माणसाचा संबंध येतो तो नेमका यांच्याशीच.

अशा बांधकामास खर्च अधिक येतो, हा आक्षेप नेहमीचाच. शस्त्रक्रियागृहासारख्या ठिकाणी यंत्रांवाचून चालणार नाही, हेही आम्हांस मान्य आहे. परंतु इमारतीची दिशा ठरविण्यास पैसा लागत नाही, विचार लागतो. खरे दुखणे असे, की निविदा स्वीकारताना बांधकामाचा आकडा तेवढा पाहिला जातो. पुढील विजेचा खर्च दुसऱ्याच खात्याच्या माथी पडतो. तो खर्च निविदेतच धरला जावा, आणि राज्याने आपल्या अधिकारात वीजभाराची मर्यादा खाली आणून लहान सार्वजनिक इमारतीही नियमांच्या कक्षेत घ्याव्यात, अशी आमची मागणी आहे.

कर्नाळ्याच्या पाखरांस शासनाने सावली दिली. त्याच डोंगराच्या पायथ्याशी शाळेत बसणाऱ्या मुलांचा तिच्यावर तितकाच हक्क नाही काय?