एकच भट्टी

माझा भाचा गेला महिनाभर एक शहर आखतोय. बुटक्यांचं शहर. हिमगौरीच्या गोष्टीतले खाणीत काम करणारे सात बुटके आठवतात ना? त्यांचेच हे दाढीवाले, कुऱ्हाडवाले चुलतभाऊ. टॉल्किनच्या कादंबरीत त्यांचं डोंगराच्या पोटात मोरिया नावाचं शहर आहे (माझ्या बहिणीला पहिले दोन दिवस ते ‘मोरया’ ऐकू येत होतं). तसंच शहर भाचा आणि त्याचे पाच मित्र माइनक्राफ्टमध्ये, स्वतःच्या सर्व्हरवर कोरणार आहेत. दहावीपर्यंत एका वर्गातली ही मुलं. आता कुणी पुण्यात, कुणी नागपूरला, एक तर थेट सुरतेला. रोज भेटायची जागा म्हणजे हा सर्व्हर.

“मामा, तू जरा बघून सांग ना,” म्हणून त्याने नकाशा पाठवला. चौकटीच्या वहीत, पेन्सिलीने.

पोराने अभ्यास केलाय हे आधी कबूल करतो. बुटक्यांचं शहर बांधायचं नसतं, कोरायचं असतं. म्हणून छतापासून सुरू करून खाली खोदत यायचं, वेरूळच्या कैलासासारखं. खालून सुरुवात केली तर वरच्या दगडापर्यंत हात पोचत नाही. उजेडाचाही विचार केलाय. या खेळात अंधाऱ्या कोपऱ्यात झोंबी आणि सांगाडे आपोआप उगवतात. २०२१ च्या १.१८ आवृत्तीपासून नियम जरा सैल झाला, आता अगदी मिट्ट काळोख लागतो. पण चाळीस ठोकळे उंच दालन, तेही डोंगराच्या आत, म्हणजे काळोखाला काय तोटा! मशालींची रांग लावली तर लग्नाचा मांडव दिसेल. त्याने दिवे फरशीत गाडले आणि वर गालिचे अंथरले. गालिच्यातून उजेड आरपार येतो. हे मला सुचलं नसतं.

मला खोट दिसली ती वेगळीच. सहा मित्रांना सहा दालनं, चांदणीच्या टोकांवर असावीत तशी. प्रत्येक दालनात स्वतःची भट्टी, स्वतःचं कोठार, स्वतःचं शेत, स्वतःचा पलंग. एक आज्ञा टाइप केली की जगात कुठूनही थेट आपल्या दालनात. आणि मधोमध भला थोरला दरबार, खांब, सिंहासन वगैरे.

“या दरबारात कोण येणार?” मी विचारलं.

“सगळे येतील ना. मेन हॉल आहे तो!”

इथे मला आयर्नफोर्ज आठवलं. २००५ साली कामानिमित्त अमेरिकेत असताना मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नावाचा खेळ खेळायचो (घरच्यांना हे आज प्रथमच कळतंय. असो). त्यातल्या बुटक्यांची ही राजधानी. गोल शहर, मधोमध वितळलेल्या धातूची प्रचंड भट्टी, तिच्याजवळच राजाची बैठक. पण गर्दी कुठे? तर मुख्य दरवाज्यालगतच्या चौकात, पेढी आणि लिलावघर यांच्यामध्ये. आमच्या गटाला लिलावघर तेव्हा त्या एकाच शहरात होतं. ज्याला काही विकायचं-घ्यायचं तो तिथे येणारच. आला की कुणाची तरी गाठ पडणार, मोहिमेला माणसं जमणार, उगाच टवाळक्या होणार. मी त्या शहरात तासन् तास घालवले, पण राजाला दोन-तीनदाच भेटलो असेन.

तर माझं मत असं, की शहराचा मध्य नकाशावर ठरवता येत नाही. रोजचं काम जिथे आल्याशिवाय होत नाही, तिथे तो आपोआप तयार होतो. भाच्याच्या शहरात कुणाचंच कुठलंच काम दुसऱ्याच्या दारावरून जात नाही. सहाही जण एकाच वेळी शहरात असतील आणि कुणाला कुणी दिसणार नाही. मग ते एक शहर कसलं? सहा घरंच की.

माझा सल्ला: भट्टी एकच ठेवा, मधोमध. कोठारही एकच. दालनापासून भट्टीपर्यंत १५० ठोकळे. चालायचा वेग सेकंदाला साधारण ४.३ ठोकळे, म्हणजे ३५ सेकंद. तेवढ्यात कुणीतरी भेटतंच.

“पण वैताग आहे मामा! आणि रोहनने माझं लोखंड ढापलं तर?”

त्याचंही खरं आहे. आयर्नफोर्जच्या चौकात इतकी गर्दी व्हायची की संगणक अडखळायचे. जानेवारी २००६ मध्ये इतर राजधान्यांतही लिलावघरं उघडली आणि मीच पहिला तिथून हललो. छान मोकळं वाटलं. चौकातले रोजचे चेहरे दिसेनासे झाले, हे लक्षात यायला महिना गेला.

शिवाय सामायिक गोष्टींचं कौतुक मी जपूनच करतो. आजोळच्या वाड्यात सात बिऱ्हाडांना एक नळ होता. त्या नळाच्या आठवणींनी कुणी गहिवरलं की आई त्याला झापते, कारण पहाटे चारला उठून घागरी तिने भरल्या आहेत. पण ती गैरसोय तिच्यावर लादलेली होती. खेळातली आपण आपल्या हौसेने निवडतो, तिच्यात कुणाची कंबर मोडत नाही. आणि सहा गावांत पांगलेल्या मुलांना एकमेकांकडे जायला काहीतरी निमित्त हवंच ना!

रविवारी त्याचा फोन आला. अर्धं मान्य. भट्टी एकच, कोठारं मात्र वेगळी. आज्ञा टाइप केली तर फक्त वेशीपर्यंत पोचायचं, पुढे पायी. आणखी एक बदल त्याने आपणहून केला. या खेळात रात्र सरायला मुळात सगळ्यांनी झोपावं लागतं. यांनी तो नियम बदलून एकाच्या झोपण्यावर भागवलं होतं, तो आता पूर्ववत केलाय.

काल म्हणे पाच जण पलंगावर पडून बोंबलत होते, कारण नागपूरकर भट्टीपाशी लोखंड वितळवत बसला होता.