बिअरला पार्सल, हातभट्टीला कलम ६५

२०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारांनी मायक्रोब्रुअरींना ताजी बिअर पार्सल द्यायची मुभा दिली. त्याआधी ही बिअर जिथे बनते तिथेच बसून प्यायची, असा शिरस्ता होता. बार बंद झाले, टाक्यांतली बिअर नासायला लागली, मालकांनी निवेदनं दिली आणि आदेश निघाला. 'ग्राउलर' नावाची झाकणबंद बाटली त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचली. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या छोट्या ब्रुअरींना हीच परवानगी मिळायला २०१९ उजाडलं. आपल्याकडे तुलनेनं लवकर जमलं म्हणायचं.

या मालकांशी माझं भांडण नाही. परवाना शुल्क लाखांत, नियम मोठ्या कंपन्यांना समोर ठेवून केलेले, ही त्यांची तक्रार खरी आहे. माझं लक्ष त्यांच्या युक्तिवादावर आहे. लहान प्रमाणात, हातानं, स्थानिक मालापासून केलेलं पेय. म्हणून कायद्यानं त्याला वेगळं वागवावं. यातला प्रत्येक शब्द मोहाची दारू काढणाऱ्या आदिवासी घराला लागू पडतो, काळ्या गुळाची भट्टी लावणाऱ्या कंजारभाट बाईलाही. तिच्या टाकीला मात्र पंचनाम्यात 'कच्चे रसायन' म्हणतात आणि ते जागेवर ओतून देतात.

पीएचडीसाठी मी दारूबंदी कायद्याखालचे खटले वाचते. एका तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात साठीच्या एका आजी भेटल्या. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, कलम ६५ (ई), काही लिटर गावठी, आणि वर्षानुवर्षं पडणाऱ्या तारखा. छापा पडला तेव्हा घरात नातू होता, म्हणून त्याचंही नाव फिर्यादीत गेलं. बोलायला तयार झाल्या, पण आधी म्हणाल्या, "नाव लिहू नको गं बाई, पोराचं भरतीचं चाललंय." चारित्र्य पडताळणीच्या अर्जात 'तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का' हा रकाना असतो. घरातला पहिला पदवीधर त्या रकान्यापाशी अडकतो. हे वाचणाऱ्यांपैकी काहींना तो रकाना चांगलाच ओळखीचा असेल.

दारू हा घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय. त्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, पण पकडलं कोण जातं यात फारसा फरक पडत नाही. मध्य प्रदेशात अबकारी कायद्याचा मार कुचबंदिया बायांवर कसा पडतो, हे भोपाळच्या सीपीए प्रोजेक्टनं नोंदवलं आहे. बिहारमध्ये २०१६ ची दारूबंदी ताडी उतरवणाऱ्या पासी समाजाच्या पोटावर आली. महाराष्ट्रात तर १९८१ च्या एका प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याच्या नावातच 'झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले' असे शब्द आहेत. खटला न चालवता त्याखाली माणसाला बारा महिन्यांपर्यंत आत ठेवता येतं. कायद्याच्या शीर्षकात मायक्रोब्रुअरीवाला कधी येईल, अशी कल्पना करून पाहा.

हे आपोआप झालेलं नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं दारू गाळण्याचा हक्क गावाकडून काढून ठेकेदारांच्या मध्यवर्ती भट्ट्यांकडे नेला. महसूल बुडू नये म्हणून १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरही वेगळा कायदा झाला. झाडाखाली पडलेलं फूल उचलणं गुन्ह्याच्या कक्षेत आलं! महाराष्ट्रानं त्या फुलांच्या संकलन-वाहतुकीवरचे निर्बंध उठवले ते २०२१ मध्ये.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात या महसुलाचा हिशोब मांडला होता. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करतं आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. निदान जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या वस्त्यांतून पैसा दारूवाटे तिजोरीत गेला आणि शाळेच्या रूपानं परत आला नाही, हे त्यांनी तेव्हाच पाहिलं.

आपल्याच चळवळीतल्या अनेक बाया दारूची दुकानं बंद करायला रस्त्यावर उतरल्या आहेत. त्यांचा राग मला मान्य आहे. मार त्यांनी खाल्लाय. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, तेही विसरता येत नाही. पण तिथे माणसं मारली ती मिथेनॉलनं, आणि मिथेनॉलची भेसळ चोरट्या धंद्यात फोफावते. ज्या दारूची तपासणी होऊ शकते ती परवान्याखालची. मायक्रोब्रुअरीला परवाना द्यायचा आणि आजीला तुरुंग, यातून एकाही बाईचा नवरा दारू सोडत नाही.

शिवाय कायदा हलू शकतो हे दिसलेलं आहे. गोव्यानं २०१६ मध्ये फेणीला 'देशी दारू'च्या खान्यातून काढून वारसा पेयाचा दर्जा दिला. मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूसाठी 'हेरिटेज' धोरण आणलं आणि आदिवासी बचत गटांना ती बनवायची वाट मोकळी केली. अर्थात बचत गटाचा परवाना एकीकडे आणि कुचबंदिया वस्तीवरचा छापा दुसरीकडे, असं दोन्ही एकाच राज्यात चालतं. वारसा कुणाचा आणि गुन्हा कुणाचा, हे अजून जात पाहून ठरतं. जुने किरकोळ खटले मागे घेणं आणि लहान उत्पादकाला परवडेल असा, तपासणीसह परवाना, या दोन गोष्टी त्या धोरणात आल्या पाहिजेत. नाहीतर मोहाची महागडी बाटली तेवढी विमानतळावर दिसेल.

अबकारी नियमांत बदल करायचा असला की मसुदा राजपत्रात येतो, हरकती-सूचना मागवल्या जातात. ब्रुअरीवाल्यांचे वकील मुदतीत लिहितात. विमुक्त वस्त्यांतून तिथे काही पोचत नाही, कारण मसुदा निघालाय हेच कळत नाही. आपल्यात आता वकील आहेत, एमएसडब्ल्यू झालेले आहेत, राजपत्र उघडून वाचू शकणारे तर पुष्कळ आहेत. पुढचा मसुदा आला की फिर्यादीची एक प्रत जोडून हरकत पाठवा. ती मराठीत चालते.