घरपट्टीचा कागद आधी वाचा



गणपतीला मुंबईकर गावी आले म्हणजे आमच्या हेदवीच्या वाड्यावाड्यांतून दोन गोष्टी हटकून ऐकू येतात. एक आरती आणि दुसरी घरपट्टीची कुरकुर. कोणी म्हणतो, पट्टी वाढली. कोणी म्हणतो, घर बाराही महिने बंद, मग पट्टी कसली? कोणी म्हणतो, भरूच नका, काय करतात ते पाहू. पण या तिघांनाही विचारावे की, बाबांनो, तुमच्या घराची आकारणी कशी झाली, तो कागद पाहिलात काय? उत्तर एकच मिळते, "गुरुजी, त्यातले आम्हांला काय कळते!"

आम्हांला राग येतो तो या उत्तराचा. जो न वाचता भरतो तो आंधळेपणाने भरतो, आणि जो न वाचता नाकारतो तोही आंधळेपणानेच नाकारतो. दोघांचाही तोटा ठरलेला.

आमच्या जिल्ह्यात कागदाची ही भीती उगाच आलेली नाही. खोतीच्या काळी दप्तर खोताच्या घरी असे. कुळाने किती भात घातले आणि किती बाकी राहिले, हे खोत सांगेल तेच खरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडण्याचे बिल मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हावयास 1949 साल उजाडावे लागले. खोती गेली, पण दप्तराचे भय काही मनातून गेले नाही. आजचे दप्तर मात्र खोताच्या माडीवर नसून ग्रामपंचायतीत आहे, आणि ते पाहण्याचा हक्क तुमचा आहे.

आता घरपट्टी म्हणजे काय ते नीट समजून घ्या. शेताचा सारा वेगळा, तो महसूल खात्याचा. घरपट्टी ही 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या 124 व्या कलमाखाली पंचायत बसविते, ती इमारतींवर आणि ज्या जमिनीला शेतसारा नाही अशा जमिनीवर. बिलात घरपट्टीखेरीज दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणी यांचे आकार निरनिराळे मांडलेले असतात. पुष्कळ जण शेवटची बेरीज पाहून घरपट्टी वाढली म्हणून ओरडतात आणि वाढलेली असते पाणीपट्टी. तेव्हा आधी रकाने वेगळे वाचा.

पूर्वी आकारणी क्षेत्रफळावर होत असे. 2015 च्या डिसेंबरात नियम बदलले आणि ती घराच्या भांडवली किमतीवर होऊ लागली. हिशेब असा. घराच्या क्षेत्रफळाला जमिनीच्या सरकारी दराने गुणावे. त्याच क्षेत्रफळाला बांधकामाच्या दराने गुणून घर जितके जुने तितका घसारा वजा करावा. दोन्हींची बेरीज ती घराची किंमत. राहते घर असेल तर ती तशीच धरावयाची, दुकान किंवा कारखाना असेल तर वाढवून. मग दर हजारी ठरलेल्या दराने कर निघतो. मातीच्या घराचा दर कमी, चिरेबंदी घराचा त्याहून जास्त आणि सिमेंटच्या स्लॅबाचा सर्वांत जास्त.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. घर 50 चौरस मीटर, जमिनीचा दर 400 रुपये, बांधकामाचा दर 8000 रुपये आणि जुनेपणामुळे बांधकामाची किंमत निम्मी. जमिनीचे झाले 20,000 आणि बांधकामाचे 2,00,000, मिळून 2,20,000. हजारी एक रुपया दर धरला तर कर 220 रुपये. आता तेच घर वहीत चुकून नवे म्हणून लिहिले गेले, तर किंमत होते 4,20,000 आणि कर 420 रुपये! घर तेच, माणसे तीच, एका नोंदीने पट्टी जवळजवळ दुप्पट झाली. ही चूक शिव्या देऊन निघत नाही, वाचून निघते.

आणि चूक नेहमी दुसऱ्याचीच असते असेही नाही. आमचेच सांगतो. 2021 च्या मे महिन्यातील तौक्ते वादळात आमच्या घराची मागली पडवी बसली. कौले गेली, भिंत गेली, आम्ही जागा साफ करून तिथे केळी लावल्या. पण पडवी पडल्याचे पंचायतीला कळविले नाही. पुढे कितीतरी वर्षे आम्ही नसलेल्या पडवीची पट्टी मुकाट्याने भरीत होतो. शाळेत मुलांना क्षेत्रफळ काढावयास शिकविणारा मास्तर स्वतःच्या घराचे क्षेत्रफळ ताडून पाहत नाही, याची लाज आम्हांला वाटली. म्हणूनच हा लेख.

तेव्हा असे करा. पंचायतीत जाऊन आपल्या घराचा नमुना 8 चा उतारा मागा. हीच आकारणीची वही. त्यात पाच गोष्टी ताडून पाहा: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, घराचे वय, वापर आणि नाव. टेप घेऊन घर स्वतः मोजा. शाळेत जाणारा पोर घरात असेल तर त्याच्याकडून गुणाकार करून घ्या. चूक सापडली तर लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. तेव्हा यादी लागते व हरकती मागवितात. ती वेळ दवडू नका. हरकत फेटाळली तर पंचायत समितीकडे अपील आहे आणि त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. मात्र एक ध्यानात ठेवा, नमुना 8 हा करापुरता कागद आहे. त्यावर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे नव्हे. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली आणि उतारा अजून त्यांच्याच नावावर, अशी घरे आमच्या कोकणात थोडी नाहीत. तीही नोंद वेळीच सुधारा, नाही तर उद्या भाऊबंदकीला तेवढेच निमित्त.

सवलत ज्याला आहे त्याने ती घेतलीच पाहिजे. 2020 पासून माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली घरपट्टीची माफी आहे. पण ती अर्ज केल्यावाचून दारात चालत येत नाही. बाकीच्यांनी 30 सप्टेंबरपूर्वी पट्टी भरली तर शेकडा 5 सूट मिळते आणि वर्ष उलटून गेले तर शेकडा 5 दंड बसतो. गणपती बहुधा या मुदतीच्या आतच येतात. मुंबईकरांनी मखराच्या खर्चाबरोबर पट्टीचेही पैसे बाजूला काढावेत आणि पावती हातात पडल्याशिवाय पैसा सोडू नये.

"भरूच नका" म्हणणाऱ्यांना आमचे एक सांगणे आहे. बिल रीतसर हाती पडल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा पंचायतीचा सभासद होण्यास अपात्र ठरतो. याचा अर्थ, गरिबाने पट्टी थकविली म्हणजे तो आपल्या हाताने पंचायतीचे दार लावून घेतो आणि आत बसणारे दुसरेच ठरतात. थकबाकी म्हणजे सत्याग्रह नव्हे.

पट्टी भरली म्हणजे काम संपले नाही. खरे काम तेथून सुरू होते. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे हेच सांगितले होते की, सरकारचा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ भलत्यांनाच मिळतो. आपला पैसा कोठे जातो हे विचारण्याची शिकवण तेव्हाची आहे. वर्षातून चार ग्रामसभा होतात. त्यांत उठून विचारा: पट्टी किती जमली, थकबाकी कोणाची, दिवे कोणत्या वाडीत लागले आणि कोणत्या वाडीत नाहीत? ज्याच्या खिशात चालू वर्षाची पावती आहे त्याचा आवाज सभेत चढा लागतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

घरपट्टी कमी करून घेण्याचा राजमार्ग हाच. वाचा, मोजा, लेखी हरकत घ्या, वेळेवर भरा आणि हिशेब मागा. वाडीत ज्याला वाचता येते त्याने शेजारच्या म्हातारीचाही उतारा वाचून दाखवावा. तेवढे झाले तरी खोताचे दप्तर खऱ्या अर्थाने बंद झाले, असे आम्ही समजू.