रोज बुडवून मुलाजवळ कोण थांबणार?

कायदा चांगला झाला की प्रश्न सुटला, अशी आपल्या शहरी विद्वानांची समजूत असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याबाबत आम्ही हेच ऐकत आलो आहोत. कायदा चांगलाच आहे. १९८७ च्या कायद्यात पालकाने विनंती केली की अल्पवयीन मूल 'स्वेच्छेने' दाखल झाले असे धरत. इच्छा बापाची, नाव मुलाचे! नव्या कायद्याच्या कलम ८७ ने हे मोडीत काढले. आता मुलाला एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या तज्ज्ञाने वा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासावे लागते. मोठ्या रुग्णांत त्याला ठेवता येत नाही. ७२ तासांत पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. मुक्काम ३० दिवसांवर गेला तर मंडळाची तपासणी बंधनकारक आहे. जातीवरून भेदभावालाही कलम २१ ने मनाई आहे.

बाहेरचा डोळा कशाला हवा, हे रायगडला सांगायला नको. पनवेल परिसरातील आश्रमात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे २०११ मध्ये उघड झाले. ते रुग्णालय नव्हते, पण दारे तशीच बंद होती.

मात्र याच कलमात आणखी एक अट आहे. मूल दाखल असेपर्यंत पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्णवेळ त्याच्याजवळ राहायचे. मुलाच्या दृष्टीने अट योग्यच. पण डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे राबणारा बाप, पेणच्या वीटभट्टीवरची कातकरी आई महिनाभर ठाण्याच्या मनोरुग्णालयात कशी थांबणार? रोज बुडाला की चूल बंद. मग मूल भगताकडे जाते, नाहीतर घरातच कोंडले जाते. आणि वर आम्हालाच अंधश्रद्धाळू म्हणायचे!

जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या ठिकाणच्या उपचाराचा खर्च सरकारने द्यावा, असे कलम १८ सांगते. बुडालेल्या मजुरीबद्दल मात्र कायदा गप्प आहे. पगारी रजा असलेल्यांनी लिहिलेला कायदा, दुसरे काय!

म्हणून आमची मागणी आहे : अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किशोरांसाठी स्वतंत्र खाटा द्या आणि सोबत राहणाऱ्या पालकाला किमान वेतनाएवढा भत्ता द्या. आपल्या वकिलांनाही काम आहे. कलम ७७ नुसार रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेलाही मंडळाकडे दाद मागता येते, त्याला शुल्क नाही. पेण-रोह्यातील आपल्या मंडळांनी जयंतीच्या सभेत हे कलम वाचून दाखवावे.