एक नंबर मोठा घ्या ना, सर!

मागच्या महिन्यात राजगड-तोरणा केला. तोरण्यावरून वेल्ह्यात उतरेपर्यंत उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. दोन्ही टाचांना फोड आले होते ते वेगळेच. सोमवारी ऑफिसात चपला घालून गेलो, तेव्हा टीममधल्या एकाने विचारलं, "काय रे, पडलास का?" म्हटलं नाही बाबा, पडलो नाही. साडेपाच हजारांचे बूट घातले होते.

तर मंडळी, आजचा विषय बूट. आणि आज मी जरा चिडलेलो आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा पाय आखूड आणि रुंद आहे. टाच अरुंद, चवडा मात्र फावड्यासारखा पसरलेला, त्यात पायाचा वरचा उंचवटाही जास्त. लांबीने बघितलं तर मला सात नंबर पुरतो. पण सात नंबरच्या ट्रेकिंग बुटात चवडा शिरतच नाही, आणि शिरलाच तर अर्ध्या तासात करंगळी बधिर. मग दुकानातला पोरगा ते ठरलेलं वाक्य म्हणतो, "एक नंबर मोठा घ्या ना, सर!" आठ आणतो. तोही चावतो. मग नऊ आणतो. नवात चवडा कसाबसा मावतो, पण पुढे एवढी जागा राहते की त्यात घराच्या किल्ल्या ठेवता येतील. "मोजे जाड घाला सर. आणि वापरून होतो सैल."

मी गेली सहा वर्षं हे ऐकून घेतलं. तीन जोड घेतले, तिन्ही चुकीचे. आणि या सहा वर्षांत माझी खात्री पटलेली की माझाच पाय विचित्र आहे. हीच खरी चीड आणणारी गोष्ट. बूट बसला नाही की आपण बुटाला दोष देत नाही, पायाला देतो. आमच्या धंद्यात याला 'युजर एरर' म्हणतात. सॉफ्टवेअर बरोबरच आहे, वापरणाराच चुकला!

आता जरा हिशोब करू. इंग्रजी मापात एक नंबर वाढला की बुटाची लांबी एक तृतीयांश इंच वाढते, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. चवड्याखालची रुंदी मात्र नंबरामागे जेमतेम दोनेक मिलिमीटर वाढते. म्हणजे मी सातावरून नवावर गेलो तेव्हा चार मिलिमीटर रुंदीसाठी सतरा मिलिमीटर लांबी फुकट गळ्यात पडली. हा फुकटचा माल डोंगरात महाग पडतो. बूट जिथे वाकायला हवा तिथे वाकत नाही, कारण त्याचा वाकायचा सांधा माझ्या बोटांच्या सांध्याच्या पुढे गेलेला असतो. टाच धरली जात नाही, प्रत्येक पावलाला वरखाली घासते आणि फोड येतो. उतारावर तर अख्खा पाय पुढे घसरतो आणि अंगठा बुटाच्या कडक नाकाडावर आपटतो. एकदा नाही, हजार वेळा. नखाखाली रक्त साकळतं ते यामुळेच. 'एक नंबर मोठा घ्या' हा सल्ला म्हणजे शर्ट पोटात बसत नाही म्हणून बाह्या लांब करून देण्यातला प्रकार आहे.

मुळात चूक कुठे आहे? पाय ही त्रिमितीतली वस्तू. लांबी, चवड्याची रुंदी, चवड्याचा घेर, उंचवटा, टाच.. आणि डब्यावर छापलेला असतो एकच आकडा. एखाद्या ज्युनिअरने असं डेटाबेस डिझाइन करून आणलं तर आपण त्याला परत पाठवू. इथे मात्र अख्खा बाजार त्या एका कॉलमवर चालतो.

आणि मोजायची साधनं नाहीत असंही नाही. अमेरिकेत ब्रॅनॉक नावाच्या गृहस्थाने १९२० च्या दशकात पाय मोजायचं धातूचं साधन काढलं. टाच मागे टेकवायची, दोन सरकपट्ट्या हलवायच्या, की लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर कळतं. 'मोंडोपॉइंट' नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात पायाची लांबी आणि रुंदी सरळ मिलिमीटरमध्ये देता येते. जपानमध्ये बुटावर सेंटिमीटरमधली लांबी आणि पुढे रुंदीसाठी ई, दोन ई, तीन ई, चार ई असं छापतात. न्यू बॅलन्ससारखी कंपनी एकाच नंबरात दोन ई, चार ई असे रुंद बूट बनवते. म्हणजे हे रॉकेट सायन्स नाही. आपल्याकडे ते दुकानापर्यंत पोचत नाही, एवढंच.

"अरे पण तुझ्यासारखे पाय किती जणांचे असणार?" असं एका मित्राने विचारलं. उत्तर ऐका. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय मोजले. भारतीय मापं ठरवायची म्हणून, त्या पद्धतीला 'भा' असं नाव सुचवलं गेलं. निष्कर्ष काय निघाला, तर आपले पाय सरासरीने जास्त रुंद आहेत, आणि रुंदी मावावी म्हणून लोक गरजेपेक्षा मोठ्या नंबराचे बूट घालतात. घ्या! म्हणजे माझ्यासारखे सगळेच. साहेब गेला, पण त्याच्या मापाचा बूट ठेवून गेला आणि आपण त्यात गेली पाऊणशे वर्षं पाय कोंबतोय.

याला कारणही आहे. लहानपणापासून अनवाणी चालणाऱ्यांचा चवडा बूट घालणाऱ्यांपेक्षा रुंद असतो, असं भारतातल्या लोकांवरच केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. मला ते वाचून आमच्या आष्ट्याचं रान आठवलं. उसाच्या सरीत पाणी पाजताना वडील कायम अनवाणी. सुट्टीत मीही. काळ्या मातीत बोटं फाकवून उभं राहायचं, नाहीतर घसरलाच समजा. तो पाय विचित्र नाही हो, तो पाय आपलं काम नीट शिकलेला पाय आहे.

आष्ट्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्याकडे चपलेला पायताण म्हणतात. नववीत असताना वडील मला पायताण शिवून देणाऱ्या काकांकडे घेऊन गेले. त्यांनी जमिनीवर वहीचा कागद टाकला आणि म्हणाले, "ठेव पाय." मी उजवा ठेवला. त्यांनी पेन्सिलीने कड काढली. मी निघालो तर म्हणाले, "दुसरा कोण ठेवणार? पाय कुणाचं सारखं नसत्यात." मग सुतळीने चवड्याचा घेर घेतला आणि गाठ मारून ठेवली. झालं. लांबी, रुंदी, घेर, तेही दोन्ही पायांचे वेगवेगळे. कागद, पेन्सिल आणि सुतळी. त्या काकांचं शिक्षण चौथी.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांमध्ये आपला सांगली जिल्हाही आहे. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे केवढे खवळलो होतो! मीही चार फॉरवर्ड पाठवले. पण डिझाइन चोरलं म्हणून ओरडणारे आपण, त्या कारागिराकडची खरी विद्या, म्हणजे आधी पाय मोजायचा आणि मग कातडं कापायचं, ती कधीच सोडून बसलो. ती कुणी चोरली नाही. आपणच टाकली.

आता कुणीतरी म्हणणार, "कोल्हापुरी पण आधी चावतेच की! आठ दिवस सोसायचं, मग बसते." बरोबर. आणि माझ्या मते इथेच आपला घोळ झालाय. कोल्हापुरीचं कातडं झाडपाल्याच्या सालींवर कमावलेलं असतं, तेल लावून ते नरम पडतं आणि पायाचा आकार घेतं. शिवाय ती पुढून आणि बाजूने उघडी, चवडा पसरायला मोकळा. ट्रेकिंगच्या बुटाला पुढे रबराची टोपी, बाजूला प्लॅस्टिकचे थर, चिकटवलेला सोल. कापड थोडंफार ढिलं होईल, पण बूट ज्या कलबुतावर बेतलाय त्याचा आकार काही बदलणार नाही. चपलेसाठी खरा असलेला नियम आपण बुटाला लावला आणि दुकानदारांना आयती पळवाट मिळाली. "होतो सैल." नाही होत! सैल होतं ते नख.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, तो मी प्रामाणिकपणे मांडतो. दुकानदार म्हणतो, तीन-तीन रुंद्या ठेवायच्या तर माल किती साठवू? मान्य. पण आकडे बघा. सहा ते अकरा म्हणजे सहा नंबर. सध्या एकाच बुटाचे चार-चार रंग ठेवतात, म्हणजे चोवीस डबे. त्याऐवजी एकच रंग आणि तीन रुंद्या ठेवल्या तर अठरा. सहा डबे कमीच! म्हणजे जागा आहे, फक्त ती रंगांना दिली आहे. आणि ती का दिली, तर आपण गिऱ्हाईकं रंग मागतो, माप मागत नाही. हा दोष दुकानदाराचा नाही, आपला.

आणि हे फक्त रुंद पायवाल्यांचं रडगाणं समजू नका. ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचा पाय लहान आणि अरुंद आहे. तिला दुकानात सरळ लहान मुलांच्या कप्प्याकडे पाठवलं. वजनदार सॅक घेऊन चालणाऱ्या बाईला शाळेच्या पोराचा बूट! तिनेही निमूट घेतला. माझ्यासारखंच.

म्हणून मी यापुढे काय करणार ते सांगतो. पटलं तर तुम्हीही करा.

बूट घ्यायला संध्याकाळी जायचं, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. ट्रेकचे मोजे बरोबर न्यायचे. घरून दोन्ही पायांची कड कागदावर काढून, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून न्यायची आणि मोठ्या पायाचं माप धरायचं. बुटातली गादी बाहेर काढून तिच्यावर उभं राहायचं. चवडा कडेबाहेर आला तर तो बूट तिथेच संपला, पुढे घालून बघायचीही गरज नाही. लेस न बांधता पाय पुढे ढकलला तर टाचेमागे एक बोट जावं, दोन नाही. आणि लेस बांधून दुकानातल्या जिन्यावरून चार वेळा उतरायचं. अंगठा एकदा जरी टेकला तरी डबा परत. पोरगा वैतागेल, वैतागू दे. डोंगरातून उतरताना तो आपल्याबरोबर नसतो.

आणि प्रत्येक दुकानात एक प्रश्न विचारायचाच: "याची रुंदी किती?" उत्तर मिळणार नाही हे माहीत आहे. पण एकाच दुकानात महिन्याला पन्नास जणांनी विचारलं तर तो प्रश्न वर कंपनीपर्यंत जाईल. नंबर यूकेचा असो नाहीतर 'भा'चा, डब्यावर रुंदी छापली नाही तर तो आकडा अर्धाच.

असो. नख अजून ठणकतंय. हे बूट मी विकायला काढलेले नाहीत, कारण ते कुणाच्या तरी पायात जाणार आणि त्यालाही वाटणार की आपलाच पाय चुकीचा. पुढच्या शनिवारी गावी जातोय. काका आता थकलेत, पण कागदावर कड काढायला अजून हात स्थिर आहे. तो कागद घेऊन पुण्यातल्या दुकानात जाणार आहे. बघू, यावेळी पोरगा काय म्हणतो ते.